हात थांबला आणि उजेड दिसला

पहिली तक्रार केली ती आमच्या नाटकातल्या नायिकेने. मुलुंडचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती पलंगावर मरते. तिच्यावर एकच स्पॉट उरतो, आणि तिचा श्वास मंदावेल तसा तो मी हळूहळू उतरवते. पडदा पडल्याबरोबर ती पांढऱ्या केसांच्या टोपासकट माझ्यावर चालून आली.

"वैशाली, मी मरताना तुझा दिवा लुकलुकतोय का गं? लोकांना वाटतंय मी परत जिवंत होतेय!"

सगळे हसले. मग सगळं तपासून झालं. डिमर बदलला, केबल बदलली. आमच्या नाटकाचं साऊंड बघणारा सतीश थिएटरच्या वायरमनला चार शिव्या घालून आला. पुढचा प्रयोग बोरिवलीला. थिएटर वेगळं, वायरिंग वेगळं, आणि दिवा तसाच लुकलुकतोय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तेव्हा सतीश येऊन माझ्या मागे उभा राहिला. माझी दोन बोटं फेडरवर होती. फेडर म्हणजे दिवा कमीजास्त करायची सरकपट्टी.

"वैशे," तो कानात म्हणाला, "वायरिंग एकदम ओके आहे. तुझा हात हलतोय."

"चहा जास्त झाला असेल," मी म्हटलं. चहा मी सकाळपासून घेतलाच नव्हता.

हे सगळं लिहायचं कारण सांगते. माझ्या आजाराचं ऐकून मला फोन येतात. कुणाच्या आईला, कुणाच्या नवऱ्याला पार्किन्सन झालेला असतो, आणि त्यांनी मोबाईलवर कुठेतरी पाहिलेलं असतं की प्रकाशाने मेंदूच्या पेशी चालवता येतात. "मॅडम, तुम्ही तर लाईटवाल्या. हे खरं आहे का? आम्ही ऑपरेशन करू, की थांबू?" मी डॉक्टर नाही. पण ह्या थांबण्यापायी मी स्वतःची काय वाट लावून घेतली ते सांगू शकते. ते वाचा आणि मग काय ते ठरवा.

त्या दिवशी

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा प्रदीप आणि माझ्या सासूबाई. प्रदीप घाटकोपरला विम्याच्या ऑफिसात आहे. सासूबाई मूळच्या कुडाळच्या, अजून मालवणीतच बोलतात. माझे वडील गिरणीत होते, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत लाईट करायचे. मी परकर-पोलक्यात असल्यापासून त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून फेडर ढकलायला शिकले. हल्ली कुठला दिवा कधी किती लागायचा ते सगळे क्यू लाईटच्या बोर्डात भरून ठेवता येतात, बटण दाबलं की काम झालं. मला ते जमत नाही, म्हणजे आवडत नाही. नट रोज वेगळा श्वास घेतो. त्याच्याबरोबर दिवा श्वास घेतो तो माझ्या हाताने. हा माझा माज आहे, आणि मी तो कधी लपवलेला नाही.

अंधेरीच्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टर बाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्यांनी मला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, पॅसेजमध्ये चालायला लावलं. मग विचारलं, "वास येतो का तुम्हाला?"

मी हसले. "घरात बांगडे तळले तरी पत्ता लागत नाही मला. सर्दी आहे जुनी."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. डॉक्टरने खुर्ची पुढे घेतली की समजायचं. "ह्यात वास आधी जातो. हा पार्किन्सन आहे," त्या म्हणाल्या.

"तो म्हाताऱ्यांना होतो ना?" प्रदीपने विचारलं. जणू माझं वय दाखवलं की त्या निदान मागे घेतील.

येताना पवईच्या तलावापाशी गाड्या जाम होत्या. आमची टॅक्सी हलेना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "रविवारी दोन प्रयोग आहेत."

"प्रयोग गेले खड्ड्यात!" प्रदीप इतक्या मोठ्याने ओरडला की टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं. मग तो खिडकीकडे तोंड करून रडला. मला रडू आलं नाही. मला राग आला होता. दुसरं काहीही जायचं होतं, गुडघे जाऊ देत, दात जाऊ देत. हातच का? हात गेला तर मी कोण? हा प्रश्न मला त्या टॅक्सीत पडला आणि मग तो सुटेचना.

गोळी आणि अंक

गोळ्यांनी पहिली दोन वर्षं चांगली गेली. मी उगाच घाबरले असं वाटण्याइतकी चांगली. मग गोळीचा असर लवकर उतरायला लागला. मी गोळीच्या वेळा नाटकाशी जुळवायला लागले. मध्यंतराआधी घेतली की मरणाचा सीन निभायचा. नाटक उशिरा सुरू झालं की माझं धाबं दणाणायचं. पुढे पुढे गोळी चढली की अंगच आपोआप वळवळायचं, आणि उतरली की लाकूड. मधली जी बरी वेळ, ती कमी कमी होत गेली.

डॉक्टर बाईंनी ऑपरेशन सुचवलं. मेंदूत खोल एक बारीक तार घालायची, छातीच्या कातडीखाली बॅटरी, आणि तारेतून सतत थोडाथोडा करंट. "रोग जात नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पण हात शांत होऊ शकतो. आणि ऑपरेशनच्या मधल्या भागात तुम्हाला जागं राहावं लागेल."

जागं! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं विचार करून सांगते.

त्याच आठवड्यात सतीशने तो व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "तुझ्याच खात्यातलं काम आहे." एक उंदीर. डोक्यात केसासारखी बारीक काच, तिच्यातून निळा उजेड. दिवा लागला की उंदीर गोल फिरायला लागतो. दिवा बंद, उंदीर थांबला. दिवा परत लागला, परत फिरायला लागला. मी तो किती वेळा पाहिला ते विचारू नका. जन्मभर मी दिव्याने हजारहजार माणसांना हसवलं-रडवलंय, आता तोच दिवा माझा हात थांबवणार! मला वाटलं ही माझ्यासाठीच चाललेली तयारी आहे.

मी तडक डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी न चिडता समजावून सांगितलं. करंट सोडला की तो पसरतो, ज्या पेशी हव्यात त्यांच्या शेजारपाजारच्यांनाही लागतो. प्रकाशाच्या उपायात नेमक्या त्याच पेशी निवडता येतात.

"म्हणजे करंट हा सगळ्या स्टेजवर पडणारा जनरल लाईट, आणि हा स्पॉट," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. पण तुमच्या मेंदूतल्या त्या पेशींना प्रकाश कळतच नाही हो. आधी त्यांच्यात प्रकाश ओळखणारा शेवाळातला एक जनुक सोडावा लागतो. तो आला की मग त्या प्रकाशाला उत्तर देतात. उंदरांत हे होतं. काही अंध माणसांच्या डोळ्यांत करून बघितलंय, थोडंफार दिसायला लागलंय. पार्किन्सनसाठी माणसाच्या मेंदूत अजून नाही."

"कधी होईल?"

"मला माहीत नाही. आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्यासाठी थांबू नका."

उठता उठता मी विचारलं, "बाहेरून नाही का जाणार? कवटीतून?"

"तांबडा प्रकाश हाडातून थोडासा आत जातो," त्या म्हणाल्या, "पण जाऊन करणार काय? त्या पेशींना तो ओळखूच येत नाही."

त्यातलं पहिलं अर्धं वाक्य मी घरी घेऊन आले. दुसरं तिथेच राहिलं.

बाकीचे दिवे बंद

गोदामात माझे स्वतःचे चार एलईडी दिवे होते. त्यातला एक मी घरी आणला, तांबड्यावर लावला आणि सतीशच्या मदतीने माळ्याच्या हुकाला टांगला. खाली खुर्ची. सतीश शिडी धरून बडबडत होता. "वैशे, डॉक्टरने सांगितलंय ना नाही म्हणून?"

"तांबडा आत जातो असं सांगितलंय."

"आणि डोकं भाजलं तर?"

"इतकी वर्षं काय हजामत करत होते का मी? अंतर कळतं मला."

सासूबाई दारात उभ्या. "ह्या काय आता? देवाक दिवो लावतत, तू डोक्यार लावलंस? खुळावलंस की काय गो?"

रोज सकाळी मी त्या खुर्चीत बसायला लागले. आणि काय सांगू, हात थांबायचा! अर्धा तास बसलं की हात मांडीवर शांत. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. डॉक्टर बाईंना फोन करून ऑपरेशन नको असं कळवून टाकलं. प्रदीप चिडला. "बसायच्या आधी तू गोळी घेतेस, बाई! गोळीने थांबतोय तो!"

त्याचं बरोबर होतं, हे मलाही आत कुठेतरी कळत होतं. आणि तिथेच माझ्यातली लाईटवाली जागी झाली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. स्टेजवर वीस दिवे लागलेले असताना एखादा दिवा नक्की काय करतोय ते कळत नाही. मग बाकीचे सगळे बंद करायचे आणि तो एकटा ठेवून बघायचं. मी आयुष्यभर हेच करत आलेय. दुसऱ्या कुठल्या बाईला हे सुचलं नसतं. मला सुचलं.

प्रदीप चुलतभावाच्या लग्नाला कुडाळला गेला. सासूबाईंचे गुडघे धरले होते म्हणून त्या राहिल्या. गोळ्या द्यायचं काम त्यांच्याकडे. त्या हातावर गोळी ठेवायच्या, पाण्याचा पेला द्यायच्या. मी पाणी प्यायचे आणि गोळी गाऊनच्या खिशात टाकायचे.

पहिला दिवस बरा गेला. म्हणजे मला वाटलं दिवा काम करतोय. आदल्या गोळ्या अजून अंगात होत्या हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जड झाले. हात टेबलावर तबल्यासारखा वाजत होता, पण मी स्वतःला समजावलं, बाकीचे दिवे बंद केल्यावर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतोच की. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मला कुशीवर वळता येईना.

हे नीट वाचा, कारण ह्यात मी मरणार होते. अंग तापलं होतं, गाऊन घामाने भिजला होता. हात, पाय, मान, सगळं आवळलेलं. जबडा मिटलेला. डोकं मात्र लख्ख चालू. सासूबाई आल्या, कपाळाला हात लावला आणि "अगो बाय माझे!" म्हणून खालीच बसल्या.

"काय झाला गो तुका? बोल मां!"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. गोळ्या खिशात आहेत. तोंडातून घशातला आवाज तेवढा आला. प्रदीप तिकडे लग्नात, फोन लागेना. सासूबाईंनी सतीशला बोलावलं. तो जवळच भांडुपला राहतो. येताना अ‍ॅम्ब्युलन्स सांगूनच आला. सासूबाई रडत सांगत होत्या, "तापच असतलो. डेंगू असतलो. गोळ्यो तर मी माझ्या हातान दिलंय, एक चुकूक नाय."

मला ते ऐकू येत होतं. आता हॉस्पिटलातही त्या हेच शपथेवर सांगणार. डॉक्टर ताप शोधत बसणार, रक्त तपासत बसणार, आणि खरं काय ते माझ्या मिटलेल्या जबड्याच्या आत. ह्याच्याइतकी भीती मला नंतर ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नाही.

सतीशने मला पाहिलं. मग वर टांगलेल्या दिव्याकडे पाहिलं. परत माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला. तो माझ्या तोंडाशी वाकला.

"वैशे, बाकीचे बंद केलेस काय तू? गोळ्या बंद केल्यास? हो असेल तर डोळे मीट."

मी डोळे मिटले. मिटूनच ठेवले.

"आयला," एवढंच म्हणाला तो, आणि माझ्या खिशात हात घातला.

आत

आयसीयूत नाकातून नळी घालून त्याच गोळ्या विरघळवून आत सोडल्या. ह्या गोळ्या एकदम तोडल्या की असाच ताप चढतो आणि अंग आवळतं, हे मला तिथे कळलं. तिथे दिवस कळत नाही. पहाटे रक्त घ्यायला येतात, मग अंग पुसायला, मग राऊंड. शेजारच्या पडद्यामागचे आजोबा सारखे आपल्या मुलीला हाक मारायचे आणि मुलगी भेटायला आली की झोपलेले असायचे. अंग पुसणाऱ्या मावशी दहिसरच्या होत्या. माझ्याशी त्या अशा बोलायच्या जणू मी उत्तरं देतेय. "आज भेंडी केली ताई मी. तुम्हाला आवडते? नाही? मग जाऊ दे." सगळे माझ्या डोक्यावरून बोलत असताना त्या एकट्या माझ्याशी बोलायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

प्रदीप लग्नाच्या कपड्यांतच आला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही. घरी आल्यावरही नाही. गोळीच्या वेळी तो समोर यायचा, हातावर गोळी ठेवायचा आणि मी गिळेपर्यंत उभा राहायचा. मग "तोंड उघड."

"मी काय लहान मूल आहे का?" मी एकदा भडकले.

"नाही," तो म्हणाला. "लहान मूल ऐकतं."

सासूबाईंनी तर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. आपल्याच हाताने आपण सुनेला मारत होतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सतीश घरी यायचा बंद झाला. मी फोन केला तर म्हणाला, "शिडी मी धरली होती ना गं." आजारी मी एकटी, पण घर अख्खं आडवं झालं होतं.

तपासणीला गेले तेव्हा मीच म्हटलं, "डॉक्टर, मी ऑपरेशनला तयार आहे."

"मी नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"तार कुठे ठेवायची हे फोटोत दिसतं, पण शेवटचं तुम्ही सांगायचं असतं. मी करंट वाढवत जाणार आणि विचारणार, काय होतंय? मुंग्या येतायत का? काही दिसतंय का? ते मला बाहेरून कळत नाही. तुम्ही म्हणाल त्याच्यावर मी सुईच्या टोकाएवढा फरक करणार. आणि तुम्ही तुम्हाला आवडेल तेवढंच ऐकता, नको ते लपवता. मी कुणाच्या भरवशावर तार ठेवू?"

प्रदीपने माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही. त्याने काय बोलायचं होतं?

बऱ्याच महिन्यांनी, वेळेवर गोळ्या घेऊन, प्रत्येक चढउतार खरा सांगून, मी परत त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्यांनी तारीख दिली.

टेबलावर

गंमत बघा, ह्या वेळी गोळ्या डॉक्टरांनीच बंद केल्या, त्यांच्या नजरेखाली. हात सुटलेला असेल तरच तो थांबतोय की नाही ते कळणार. पुढचे केस काढले. कपाळाला आणि मागे चार ठिकाणी सुई टोचून लोखंडी चौकट डोक्याला आवळली. ती आवळताना जे दुखतं त्याला "थोडं दडपण येईल" असं म्हणतात. दडपण कसलं डोंबल! नारळ सोलायला घेतल्यासारखं वाटतं. पण ते थोडाच वेळ, हे ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा. भोक पाडतानाचा आवाज दाताच्या डॉक्टरकडचा, फक्त तो आपल्याच डोक्यातून येतोय. दुखलं नाही. मेंदूला दुखत नाही म्हणतात ते खरं आहे.

प्रदीप बाहेर. आदल्या दिवसापासून तो दोनच वाक्यं बोलला होता, दोन्ही पार्किंगबद्दल.

मग डॉक्टर बाईंचा आवाज. "वैशालीताई, हात वर धरा. मी सुरू करतेय."

हात वर गेला आणि हवेत फडफडायला लागला. आपलाच हात असा बघायला नको वाटतं. त्या आकडे बोलत होत्या, दुसरं कुणीतरी ते परत म्हणत होतं. फडफड बारीक झाली. आणखी एक आकडा. आणखी बारीक. मी श्वास धरून बघत होते.

आणि हात थांबला.

कमी नाही झाला, थांबला. पाची बोटं हवेत, एकही हलत नाही. किती वर्षांनी! मी अंगठा आणि बोट हळूच जवळ आणलं, लांब नेलं, अगदी श्वासाच्या गतीने. माझे वडील शिकवायचे तसा सावकाश, एकसंध. मला ओरडावंसं वाटलं. खोलीत कुणीतरी "सुंदर" म्हणालं.

त्याच वेळी उजव्या बाजूला उजेड पडला.

पांढरा, लुकलुकणारा. मी डोळे फिरवले. तिथे दिवा नव्हता. मी वर बघितलं, दिवे कुठे आहेत ते पाहिलं. त्यातला एकही त्या बाजूला नव्हता, एकही लुकलुकत नव्हता. मला जगात दुसरं काही कळत नसेल, पण उजेड कुठून येतो ते कळतं. हा बाहेरून येत नव्हता. करंट पसरून शेजारी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसेवर गेला होता.

"हात मस्त आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "बाकी काही होतंय? काही दिसतंय?"

कुणालाच कळलं नसतं. तो उजेड फक्त माझा होता. सांगितलं तर तार हलणार, आणि हात परत असा थांबेल ह्याची हमी कोण देणार? मला वाटलं, असू दे की जरासा उजेड एका कोपऱ्यात! उजेडातच तर जन्म गेला माझा. एवढ्या हाताच्या बदल्यात एवढंसं लुकलुकणं मी सहज सोसेन. "नाही" हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता, खोटं नाही सांगत.

"वैशालीताई?"

मी हाताकडे बघितलं. "उजेड दिसतोय," मी म्हटलं. "उजवीकडे. पांढरा. तुमच्या दिव्यांचा नाही तो."

"नक्की?"

"लाईटवाली आहे मी," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. चौकटीत डोकं अडकलेलं असताना रडणं फार वाईट, डोळे पुसता येत नाहीत. करंट बंद झाला. हात परत फडफडायला लागला. कुणीतरी माझे डोळे कापसाने टिपले.

त्यांनी तार थोडी वर घेतली. पुन्हा आकडे. ह्या वेळी उजेड नाही आला. हातही तसा नाही थांबला.

मशीन चालू केलं तेव्हा

जखम भरल्यावर मशीन चालू करायला बोलावतात. प्रदीप शेजारच्या खुर्चीत बसला होता. डॉक्टर बाई हातातल्या यंत्रावर थोडंथोडं वाढवत होत्या आणि तो माझ्या हातावरून नजर काढत नव्हता. फडफड गेली. थरथर उरली, मग ती बारीक झाली. टेबलावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी जेमतेम हलेल एवढीच. डॉक्टर बाई थांबल्या.

"अजून जरा वाढवा ना," प्रदीप म्हणाला. "होतच आलंय. पूर्ण थांबेल."

"ह्या जागेवरून एवढंच. जास्त वाढवलं तर पसरेल. आणि ही जागा ह्यांनीच आम्हाला दिलीय. आधीच्या जागेवर हात पूर्ण थांबला होता, पण ह्यांना उजेड दिसला. ह्यांनी सांगितलं म्हणून आम्ही तार वर घेतली. तिथेच राहिली असती तर सारखी झगझग झाली असती, आम्हाला मशीन बंदच ठेवावं लागलं असतं."

मी हे घरी सांगितलं नव्हतं. काय सांगणार? हात मिळाला होता आणि मी तो परत केला, असं?

प्रदीप माझ्याकडे वळला. "पूर्ण थांबला होता?"

"हो."

"म्हणजे अगदी?"

"अगदी. पूर्वीसारखा."

"आणि उजेड दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता."

"नाही."

"तरी सांगितलंस?"

"सांगितलं."

डॉक्टर बाई उगाचच कॉम्प्युटरकडे बघायला लागल्या. मग प्रदीपने माझा तो हात टेबलावरून उचलला आणि दोन्ही हातांत धरला. त्या अख्ख्या वर्षात त्याने माझ्या हाताला हात लावला होता तो फक्त त्याच्यावर गोळी ठेवायला. हात त्याच्या मुठीत बारीक थरथरत होता.

"एवढा हलला तर चालेल मला," तो म्हणाला.

"हात माझा आहे," मी म्हटलं, "तुला चालून काय उपयोग?" आणि तो हसला, डोळ्यांतून पाणी गळत असतानाच हसला, आणि डॉक्टर बाईंसमोरच मोठ्याने म्हणाला, "चल बाई, घरी चल."